मदत हवी आहे: कोंबड्या एकीची पिसं उपटतायत, पाठ उघडी पडलीय

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको. परसात सात कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. चार जुन्या आहेत, दोन वर्षांच्या, आणि तीन तलंगा (तरण्या कोंबड्या) दीड महिन्यापूर्वी आणल्या, तेव्हा त्या साधारण पाच महिन्यांच्या होत्या. आणल्या त्याच दिवशी सरळ जुन्यांच्यात सोडल्या, ती चूक झाली हे आता कळतंय. पहिले आठ-दहा दिवस जुन्यांनी त्यांना भरपूर हाणलं, तुऱ्यावर टोचे, खाण्यापासून हुसकावणं, सगळं झालं. मग हळूहळू शांत झालं आणि मला वाटलं चला, बसली घडी.

पण गेल्या दोन आठवड्यांपासून तलंगांमधली एक, आम्ही तिला ठिपकी म्हणतो, तिची शेपटीच्या मुळाशी पिसं जायला लागली. आधी रुपयाएवढी जागा होती, आता तळहाताएवढी पाठ उघडी पडलीय आणि परवा त्यातून रक्त आलेलं दिसलं. ती दिवसभर खुराड्यात अंडी घालायच्या पेटीत जाऊन बसते, बाहेर यायलाच बघत नाही. काल संध्याकाळी उचलून घेतली तर गळ्याखालची धान्याची पिशवी जवळजवळ रिकामी होती आणि छातीचं हाड हाताला धारदार लागलं. फार वाईट वाटलं, इतके दिवस ती उपाशी राहत होती आणि माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडे तांबडी म्हणजे म्होरकी, खाण्यापाशी कुणाला उभं करत नाही. म्हणून मी तिलाच पाच दिवस वेगळी डांबली. काही उपयोग नाही, उलट त्याच पाच दिवसांत ठिपकीची पाठ जास्त सोलली गेली! आता तांबडीला कुणाला तरी देऊन टाकावी का? घरातले म्हणतायत देऊन टाक. पण सगळ्यात जुनी कोंबडी आहे, जीव होत नाही. प्लीज कुणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ठिपकीला आत्ताच्या आत्ता बाजूला काढा. रक्त दिसलं की शांत कोंबड्यासुद्धा टोचायला लागतात, लाल रंगाकडे त्यांची चोच आपोआप जाते आणि एका दिवसात जीव जाऊ शकतो. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, कोरडी होऊ द्या. माशा बसणार नाहीत हे बघा, अळ्या पडल्या तर प्रकरण हाताबाहेर जातं. जखम खोल असेल किंवा वास येत असेल तर व्हेटकडेच न्या.

आणि वेगळं ठेवताना पार दुसरीकडे नेऊ नका, त्याच जागेत मधे जाळी लावून ठेवा. बाकीच्यांना ती दिसत राहिली पाहिजे, नाहीतर परत सोडाल तेव्हा तिला नवखी समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील.

आता काही प्रश्न. टोचे डोक्यावर आहेत का फक्त पाठीवर? खुराडं केवढं आहे? खायला काय देता? उवा, माइट (रक्त पिणारे बारीक किडे) बघितल्यात का? आणि उपटलेली पिसं जमिनीवर पडलेली दिसतात का?

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद, लगेच वेगळी केली, जाळीपलीकडे स्वतंत्र खाणं-पाणी ठेवलं तर अधाशासारखी खाल्ली बिचारी.

डोक्यावर एकही ओरखडा नाही, तुरा स्वच्छ आहे, सगळं शेपटीजवळ आणि पाठीवर. खुराडं 6 बाय 4 फूट आणि पुढे जाळीतलं अंगण 8 बाय 6 फूट. खाण्याचं भांडं एक, पाण्याचं एक, दोन्ही एकाच कोपऱ्यात. लेअर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) देते पण मका त्यांना फार आवडतो म्हणून निम्मा मकाच असतो आणि वर घरातलं उरलंसुरलं. उवा दिवसा बघितल्या, नाही दिसल्या. आणि पिसांचं तुम्ही विचारलंत म्हणून मुद्दाम झाडून बघितलं, एवढी पाठ उघडी पडली पण जमिनीवर पिसं नाहीतच!

प्रतिसाद

पिसं जमिनीवर नाहीत म्हणजे कुणीतरी खातंय. तांबडीला सोडा हो, ती यातली नाही बहुतेक.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खूप जण इथेच फसतात. उतरंडीसाठी, म्हणजे कोण वरचढ हे ठरवायला, मारामारी असते तेव्हा टोचा डोक्यावर, तुऱ्यावर, मानेवर बसतो, आवाज होतो, समोरची पळते आणि विषय संपतो. पिसं उपटणारी कोंबडी भांडत नाही. मागून शांतपणे येते, एक पीस ओढते आणि गिळते. जमीन उकरून खाणं शोधायची जी सवय असते तीच दुसरीच्या अंगाकडे वळलेली असते. म्होरकीला बाहेर काढून तुम्ही उलट तिचा वचक काढून घेतलात. तासभर लांब बसा आणि नुसतं बघा, संध्याकाळी दांडीवर बसायच्या वेळी तर नक्कीच.

उवांचं म्हणाल तर लाल माइट दिवसा अंगावर नसतातच, दांडीच्या फटीत लपलेले असतात. रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू बघा, पांढरा कपडा फिरवून त्यावर लाल डाग येतात का ते बघा.

प्रतिसाद

सरळ चोचीचं टोक कापून टाका सगळ्यांची, दोन मिनिटांचं काम.

प्रतिसाद

कृपा करून असं काही करू नका. चोचीच्या टोकात नसा असतात, घरी कापली तर रक्त थांबत नाही, कोंबडीला दुखतं आणि खाणं टाकते. मूळ कारण तसंच राहतं ते वेगळंच.

धागाकर्ती

दोन संध्याकाळी बसले आणि सापडली. काळी! जुन्यांमधली सगळ्यात गरीब, कधी कुणाच्या वाट्याला न जाणारी काळी. ठिपकी नसल्यामुळे ती आता दुसऱ्या तलंगेच्या मागे लागलीय. दांडीवर तिच्या शेजारी सरकली, मान वाकडी करून शेपटीच्या मुळाशी असलेलं एक बारीक पीस अगदी सावकाश चोचीत धरलं, हिसका दिला, दोनदा चोच हलवली आणि गिळलं. ती तलंग नुसती थोडी दचकली, ओरडलीसुद्धा नाही. तांबडी दोन हातांवर बसून होती, तिचं लक्षही नव्हतं. पाच दिवस उगाच तिला शिक्षा केली याचं फार वाईट वाटतंय.

रात्री कपडाही फिरवून बघितला, डाग नाहीत. आता काळीचं काय करू?

प्रतिसाद

काळीला चार-पाच दिवस वेगळं ठेवा, पण तेवढ्याने भागणार नाही, कारण सवय खाण्यामुळे आणि जागेमुळे लागलीय. मक्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के, लेअर फीडमध्ये 16 च्या आसपास. निम्मं-निम्मं केलं की एकूण बारा-साडेबारावर येतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे कमी पडलं की काहींची चोच तिकडे वळते. मका आणि उरलंसुरलं मिळून रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातही खारट अजिबात नको. वाळवलेल्या अळ्या मिळाल्या तर थोड्या द्या.

जागा बघा, खुराड्यात एकीला 4 चौरस फूट धरतात, तुमच्याकडे सात जणींना 24 आहेत. अंगणात 8 ते 10 धरतात, तिथे 48, म्हणजे एकीला सातही नाही. खाण्याचं दुसरं भांडं दुसऱ्या टोकाला ठेवा, असं की एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसू नये, मधे एखादी फळी उभी केली तरी चालते. जमिनीवर जाड गवत पसरून दाणे त्यात फेका म्हणजे दिवसभर उकरत बसतील, कोबीचा गड्डा डोक्याच्या उंचीला टांगा. अंड्यांच्या पेट्यांमध्ये अंधार हवा, लख्ख उजेडात अंडं घालताना मागचा लाल भाग दिसतो आणि तिथे टोचलं तर फार वाईट होतं.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी. अंगण जवळजवळ दुप्पट केलं, मका बंद केला, गवत आणि दुसरं भांडं पहिल्याच दिवशी आणलं. काळीला पाच दिवसांनी संध्याकाळी दांडीवर परत बसवलं. पहिले तीन दिवस तिने एक-दोनदा प्रयत्न केला, आता दिवसभर गवतात पाय मारत असते. दुसऱ्या तलंगेची पिसं जायची थांबली. तांबडी पुन्हा म्होरकी.

ठिपकीची जखम भरली, वजनही धरतेय. पाठीवर निळसर काळे कोंब आलेत, सुईसारखे. एक विचारायचं होतं, आता जाळी काढू का?

प्रतिसाद

नका काढू एवढ्यात. त्या कोंबांत रक्त असतं, एक जरी तुटला तरी पुन्हा सगळ्या जमतील. वरचं आवरण सुटून पिसं उलगडू देत. आणि काढाल तेव्हा एकटी ठिपकी नको, दोन दिवस आधी तिच्याबरोबरची एक तलंग तिच्या सोबतीला जाळीआड ठेवा, दोघी एकदम सोडा.

धागाकर्ती

बरं झालं विचारलं, मी उद्याच काढणार होते. पिसं उलगडेपर्यंत ठेवते जाळीआड.