व्हाइट माउंटन्सची सहल : ३ ऑक्टोबर की २४ ऑक्टोबर?

सहल समितीकडून सर्व सभासदांस

सप्रेम नमस्कार.

२०२६ च्या शरद ऋतूतील एकदिवसीय सहल न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्सला न्यायची असे ठरले आहे. बसची नोंदणी लवकर करावी लागत असल्याने तारीख आताच नक्की करणे आवश्यक आहे. एरवी आपण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या लाँग वीकेंडला जातो. यंदा तो सोमवार १२ तारखेस असून आदल्या दिवशी, रविवारी ११ तारखेस, घटस्थापना आहे. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांना त्या दोन दिवसांत बाहेर पडणे अवघड आहे, आणि १७ तारखेच्या शनिवारी मंडळाचा भोंडला आहे. त्यामुळे दसरा पार पडल्यावर, शनिवारी २४ ऑक्टोबरला निवांतपणे जावे, असा विचार पुढे आला आहे. तोवर डोंगरावर झाडांच्या पानांचा शरदातील रंग टिकेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.

आपली,
सहल समिती


उत्तर १

समितीस सादर नमस्कार.

२४ ऑक्टोबर ही तारीख घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहल ३ ऑक्टोबरच्या शनिवारी न्यावी.

आपले सण तिथीवर चालतात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे नवरात्र गेल्या वर्षीपेक्षा १९ दिवस पुढे गेले आहे. मेपलची झाडे मात्र सूर्याच्या हिशेबाने चालतात. त्यांच्याकडे अधिक महिना नसतो. दिवस लहान होऊ लागला की पानांत नवे हरितद्रव्य तयार होणे मंदावते, असलेले विरत जाते, आणि देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान फांदीपासून सुटू लागते. दिवसाची लांबी दर वर्षी त्या त्या तारखेला तीच असल्यामुळे, थंडीपावसाने काही दिवस मागेपुढे झाले तरी, रंगाचा हंगाम आपल्या पंचांगाबरोबर सरकत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. २०२३ मध्येही अधिक महिना (श्रावण) होता आणि दसरा २४ ऑक्टोबरला आला होता. तेव्हा भारतातून आई-बाबा आले होते आणि दसरा झाल्यावरच जायचे म्हणून मी त्यांना २८ तारखेच्या शनिवारी घेऊन गेलो. व्हाइट माउंटन्समधील कँकॅमॅगस खिंडीत उभे राहिलो तेव्हा मेपल आणि बर्च पूर्ण निष्पर्ण झाले होते. बीच या झाडाची तपकिरी पाने तेवढी काही फांद्यांना चिकटून होती. दोघेही काही बोलले नाहीत, पण त्यांना जे दाखवायचे होते ते दाखवता आले नाही, याची खंत मला अजून आहे.

३ तारीखच का, तर कँकॅमॅगस रस्त्याच्या चढउतारामुळे. लिंकन ते कॉनवे हा रस्ता सुमारे ३४ मैलांचा आहे. खिंड २,८०० फुटांहून अधिक उंचीवर आहे, तर कॉनवे गाव ५०० फुटांच्याही खाली. हजार फूट वर गेले की तापमान साधारण साडेतीन अंश फॅरनहाइटने उतरते. त्यामुळे रंग आधी माथ्यावर येतो आणि मग दिवसागणिक स्विफ्ट नदीच्या काठाकाठाने खाली उतरत जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वरचा भाग सहसा भरात असतो आणि खालचा निम्मा हिरवा. हंगाम लवकर आला तर माथा थोडा ओसरलेला मिळेल, पण मधला उतार पेटलेला असेल. उशिरा आला तर माथा नुकताच रंगू लागला असेल आणि खाली पाणथळ जागांतले लाल मेपल, जे सर्वांच्या आधी रंगतात, ते तरी नक्की भेटतील. एकाच ठिकाणी बस उभी करण्यापेक्षा हा संपूर्ण रस्ता पार केला, तर तारखेतील चूक उंची भरून काढते.

लाल रंग किती गडद येईल, हे मात्र आधी सांगता येत नाही. पिवळा रंग पानात मुळातच असतो आणि हिरवा ओसरला की तो दिसू लागतो. लाल रंग पान शरदातच नव्याने घडवते, त्यासाठी त्याला दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारी थंडी नको, असे हवामान लागते. म्हणून पिवळा जवळजवळ दर वर्षी मिळतो, लाल काही वर्षी उजवा तर काही वर्षी डावा असतो. वादळी पाऊस झाला तर एका रात्रीत झाडे रिकामी होतात, आणि तो धोका २४ तारखेपर्यंत वाढतच जातो.

३ तारीख पितृपंधरवड्यात येते, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी त्या दिवशी श्राद्धाची तिथी असेल त्यांची अडचण खरी आहे. इतरांनी मात्र झाडे पाहायला जाण्यात संकोच करू नये, असे मला मनापासून वाटते.

आपला नम्र,
एक जुना सभासद


उत्तर २

नमस्कार. वरील पत्राशी मी सहमत आहे. माझी एकच सूचना आहे. गुडघ्यांमुळे ज्यांना वाटांवर चालता येत नाही, अशा आमच्यासारख्या ज्येष्ठांसाठी नॉर्थ कॉनवेहून क्रॉफर्ड नॉच या खिंडीकडे जाणाऱ्या पर्यटक रेल्वेची तिकिटे आधी काढता आली तर उपकार होतील. दरीचे रंग बसल्या जागी खिडकीतून दिसतात. या दिवसांत तिकिटे फार लवकर संपतात.

आणि २४ तारीख मोकळी ठेवायचीच असेल, तर त्या दिवशी बॉस्टनजवळच्या ब्लू हिल्सला जावे. तिथे ओकची झाडे पुष्कळ आहेत आणि ओक उशिरा रंगतो.


सहल समितीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहल शनिवारी ३ ऑक्टोबर रोजी निघेल. खिंड गर्दीच्या आधी ओलांडता यावी, म्हणून बस सकाळी सहा वाजता सुटेल, लिंकनहून चढेल आणि कॉनवेकडे उतरेल. त्या दिवशी सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, त्यामुळे दुपारचा मुक्काम लांबवता येणार नाही. कँकॅमॅगस रस्त्यावर खानावळ किंवा पेट्रोल पंप नाही आणि फोनचा सिग्नल बहुतेक ठिकाणी मिळत नाही. डबे घरूनच आणावेत. रेल्वेची तिकिटे हवी असणाऱ्यांनी आपली नावे या आठवड्यात कळवावीत. ज्यांच्या घरी ३ तारखेस तिथी आहे, त्यांच्यासाठी २४ तारखेची ब्लू हिल्सची छोटी सहल ठेवत आहोत.