थिन क्लायंटसाठी डिस्प्ले ड्रायव्हर लिहितोय: १०८० ला चित्र झटके खातंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका ऑफिसने भंगारात काढलेले थिन क्लायंट (सर्व्हरवरचं काम नुसतं पडद्यावर दाखवणारे छोटे संगणक) आमच्या वाचनालयाला मिळालेत. आत व्हीआयएचा व्हीएक्स८५५ चिपसेट. ग्राफिक्सला वेगळी मेमरी नाही, मुख्य रॅममधलीच ६४ एमबी बाजूला काढलेली. ओएलपीसी या प्रकल्पाच्या एक्सओ-१.५ या मुलांसाठीच्या लॅपटॉपमध्ये हाच चिपसेट होता, पण आजच्या लिनक्समध्ये त्याला कुणी वाली नाही. जुना डीआरएम (कर्नलमधली ग्राफिक्स व्यवस्था) ड्रायव्हर कर्नल ६.३ मध्ये (२०२३) काढून टाकला, आणि मोडसेटिंग, म्हणजे पडद्याचं रिझोल्यूशन लावणं, त्यात कधी नव्हतंच. व्हीआयएएफबी हा कर्नलमधला जुना ड्रायव्हर आहे, पण तो नुसता फ्रेमबफर (चित्राची मेमरी) देतो. आजचे वेलँड कंपोझिटर (पडद्यावर खिडक्या मांडणारे प्रोग्रॅम) त्यावर चालत नाहीत. सिंपलडीआरएम या सर्वसाधारण ड्रायव्हरला बायोसने लावलेला मोड बदलता येत नाही, आणि या बायोसला १९२०×१०८० ठाऊकच नाही.

म्हणून छोटासा केएमएस (कर्नलमधूनच मोड लावणारा) ड्रायव्हर लिहायला घेतला. एक सीआरटीसी (मेमरीतलं चित्र पडद्याकडे पाठवणारा भाग), एक व्हीजीए आउटपुट, बस्स. थ्रीडीच्या वाटेला गेलेलो नाही. शॅडो प्लेन (साध्या रॅममधली चित्राची प्रत) वापरून बदललेला भाग बाजूला काढलेल्या मेमरीत कॉपी करतो.

१२८०×१०२४ पर्यंत झकास चालतं. १९२०×१०८० ला मोड लागतो, स्थिर चित्र स्वच्छ दिसतं. पण रिमोट डेस्कटॉपमध्ये पान सरकवलं की पडद्यावर आडव्या पट्ट्या उजवीकडे झटका खातात. सरकवणं थांबलं की सगळं जागच्या जागी.

एवढं तपासून झालंय: एसआर-१० मध्ये १ लिहून चिपची रजिस्टरं (एसआर आणि सीआर ही त्यांची नावं) अनलॉक केलीत. ओळीची लांबी ७६८० बाइट, भागिले ८ म्हणजे ९६०. खालचे बिट सीआर-१३ मध्ये, वरचे सीआर-३५ मध्ये. फेच काउंट (एका ओळीसाठी मेमरीतून किती ओढायचं तो आकडा) ७६८० भागिले १६, अधिक ४, म्हणजे ४८४. पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ. यात गडबड असती तर चित्र स्थिर असतानाही तिरकं झालं असतं.

माझा संशय डिस्प्ले एफआयएफओवर, म्हणजे पडद्याकडे जाणारा डेटा साठवणाऱ्या छोट्या रांगेवर आहे. तिची एसआर-१६, १७ आणि १८ ही रजिस्टरं मी अजून हातच लावलेली नाहीत. त्यात किती भरायचं आणि मोड लावण्याआधी की नंतर?

प्रतिसाद १

संशय बरोबर वाटतो. ३२ बिटला १९२०×१०८०×४×६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४९८ एमबी नुसता पडदाच ओढतो. तुमची कॉपीही त्याच रॅममधून वाचते आणि त्याच रॅममध्ये लिहिते. एफआयएफओ रिकामा पडला की ओळ घसरणारच. बायोसने ती रजिस्टरं त्याच्या छोट्या मोडपुरती भरलेली असणार.

आकडे अंदाजाने भरत बसू नका. तुमचा ड्रायव्हर काढा, व्हीआयएएफबी viafb_mode मध्ये मोड देऊन १९२०×१०८० ला लावा आणि एसआर-१६, १७, १८, २२ वाचून घ्या. २२ विसरू नका, रांगेचा एक्स्पायर आकडा त्यात असतो. त्याआधी पाच मिनिटांची चाचणी: आरजीबी५६५ (१६ बिट रंग) लावा. मागणी निम्मी होते. पट्ट्या गेल्या तर दुखणं बँडविड्थचंच.

आणि पूर्ण पडदा कॉपी करत असाल तर आधी ते थांबवा, फक्त डॅमेज झालेला, म्हणजे बदललेला चौकोन कॉपी करा.

धागाकर्ता

आभार! १६ बिटला पट्ट्या साफ गायब. चौकोनच कॉपी करतोय, पण पान सरकवताना चौकोन जवळजवळ अख्ख्या पडद्याएवढा होतो. व्हीआयएएफबीचे आकडे उद्या वाचनालयात गेलो की इथे टाकतो. तोवर एक विचारतो: वाचनालयात मजकूर वाचण्यापुरताच वापर आहे, तर प्रिफर्ड डेप्थ (ड्रायव्हर सुचवतो ती रंगांची बिटसंख्या) १६ ठेवूनच पॅच पाठवला तर कर्नलचे मेंटेनर खपवून घेतील का?