अनुभव धागा : रस्ता रोको, चक्का जाम, नाकेबंदी. कुठे अडकलात, कोणाला अडवलंत?

पारोळेकर
काल भाची बर्लिनची नाकेबंदी पाठ करत बसली होती. २४ जून १९४८ ला रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले आणि १२ मे १९४९ पर्यंत धरून ठेवले. अमेरिका-ब्रिटनने पीठ, कोळसा, सगळं विमानांनी पोचवलं, पावणेतीन लाखांच्या वर फेऱ्या करून. मला म्हणे, मामा, तू पाहिली का अशी नाकेबंदी?

म्हटलं पाहिली ना. हायवे नंबर सहावर, कापसाच्या भावासाठी. (आता त्याला त्रेपन्न म्हणतात, आमच्या तोंडी सहाच.) फाट्यावर बैलगाड्या आडव्या लावलेल्या, बैल सोडून लांब कोणाच्या तरी मळ्यात नेऊन बांधलेले. म्हणजे गाडी हटवायची तर पोलिसांनी आधी बैल शोधायचे. बाबा गाडीच्या सावलीत बसून घोषणा देत होते. दोन्हीकडे सुरत-नागपूर ट्रकांची रांग. आणि आई घरून कळण्याची भाकरी, ठेचा बांधून घेऊन आली, ती बाबांसाठी नाही, अडकलेल्या ड्रायव्हरांसाठी! आजी चिडली, एका हाताने अडवायचं अन् दुसऱ्या हाताने खाऊ घालायचं, हे कसलं आंदोलन? आई म्हणाली, भांडण सरकारशी आहे, त्या सरदारजीशी नाही.

तुम्हीही लिहा. अडवणारे, अडकलेले, बंदोबस्तवाले, सगळे चालतील.

केळी_सावदा
मे २००८. राजस्थानात गुर्जर आंदोलन, बयान्याकडे रूळ बंद, रस्ते बंद. आमची गाडी दिल्लीच्या वाटेवर. ज्यांच्या घरी केळी नाही त्यांच्यासाठी सांगतो, माल हिरवाच कापून भरतात. गाडी चालू असली तर वारा लागतो. उभी राहिली की आत ऊब धरते, एक फणी पिकली की शेजारचीला पिकवते, आणि मग थांबत नाही. त्यात मे महिना. ड्रायव्हरचा फोन, सेठ गाडीतून वास येऊ राहिला. त्याने अडकलेल्या बसमधल्या लोकांना डझनावर विकली, मग निम्म्या भावात, मग वाटली. तिकडच्या व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.
कापूसवाल्यांचं बरं आहे, कापूस घरात पडून राहतो. आमच्याकडे रस्ता रोको ठरला की बैठकीत पहिला प्रश्न, त्या दिवशी कापणी कोणाची आहे?

शेवभाजी_फॅन
अडकल्यावर जेवलात कुठे ते लिहा लोकहो, बाकी सगळं सेमच असतं

गडवाट
नाकेबंदीचा आजोबा तर आपल्या दारात उभा आहे. आसीरगड. भुसावळहून खंडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूर सोडलं की डोंगरावर दिसतो. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला. तोफांनी काही होईना. गडावर धान्य भरपूर, पाणी भरपूर, पण माणसं आणि जनावरं इतकी कोंबलेली की रोगराई पसरली. बहादूरशाह फारुकी बोलणी करायला खाली उतरला, त्याला ठेवूनच घेतला. आतल्यांना पैसे चारले असंही लिहिलेलं सापडतं. जानेवारी १६०१ ला गड गेला आणि खानदेशची सल्तनत संपली. धान्याची कोठारं भरलेली असताना गड पडला, हे मला कायम विचित्र वाटतं.
(आसीरगड आता मध्य प्रदेशात आहे हे कोणी सांगू नये. माहीत आहे.)

अमळनेर_एक्स्प्रेस
@गडवाट पानिपत पण तेच ना. अब्दालीने भाऊंची दिल्लीकडची वाट तोडली, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, १४ जानेवारी १७६१ ला लोक उपाशीपोटी लढायला बाहेर पडले.

गडवाट
हो. आणि १७२८ ला पालखेडला बाजीरावाने निजामाचं पाणी-धान्य तोडून त्याला गुडघ्यावर आणलं. ते आठवायचं सोडून आपण पानिपतच काढत बसतो.

मुलांची_आई
भाजी फोडणीला टाकून लिहिते. दहावीचं केंद्र आमच्या शाळेत होतं आणि त्याच सकाळी फाट्यावर रस्ता रोको. सर, मॅडम सगळे हवालदिल. तर आंदोलकच मोटारसायकली घेऊन मुलांना सोडायला आले! हॉल तिकीट दाखव आणि बस मागे. एका पोराने परीक्षा नसताना थोरल्या भावाचं हॉल तिकीट दाखवून फुकट तालुक्याला चक्कर मारली. मागून कळलं, पुढाऱ्याचा स्वतःचा मुलगा त्याच केंद्रावर होता. नाहीतर झालं असतं का हे? मला शंका आहे.
जळाली भाजी

भुसावळ_क्वार्टर
आमच्याकडे १९७४. ८ मे ते २७ मे, रेल्वेचा संप. फलाटावर कुत्री झोपायची असं आजी सांगते. आजोबा क्वार्टरला येत नव्हते, पोलीस रात्री यायचे, क्वार्टर खाली करा म्हणून बायकांना दम द्यायचे. आजीने शेजारच्या तीन घरची पोरं एका खोलीत झोपवली, म्हणजे कोणाचं पोर कुठलं ते कळू नये. जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव घरात देवासारखं घेतलं जायचं, आणि आजी त्याच नावाने शिव्या पण द्यायची. पगार बुडाला तो तिचाच संसार होता ना.

अमळनेर_एक्स्प्रेस
संप म्हणजे नाकेबंदी नव्हे पण

भुसावळ_क्वार्टर
गाड्या थांबल्या की कोळसा थांबतो, कोळसा थांबला की वीज. नाव काहीही द्या. आणि क्वार्टरला तर पोलिसांनीच वेढा घातला होता, ती कोणाची नाकेबंदी?

शेवभाजी_फॅन
@पारोळेकर भाऊ तू पारोळाना शे का? मन्ही मावशी तठेच शे

पारोळेकर
हा भाऊ. कोणती गल्ली? व्यनि कर.

विक्रांतचा_भाचा
मामा (चाळीसगावचे) ७१ ला आयएनएस विक्रांतवर होते. एक बॉयलर बिघडलेला, बोट पूर्ण वेगाने पळत नव्हती, तरी बंगालच्या उपसागरात उभी केली. सी हॉक विमानं चितगाव, कॉक्स बाजारवर जायची. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रातून मदतही येणार नाही आणि पळताही येणार नाही, एवढंच काम. १६ डिसेंबरला शरणागती झाली. मामा सांगायचे, सिनेमात दाखवतात तसं सारखं धाडधाड नसतं, बराच वेळ नुसती पाळत. त्यांच्याकडूनच ऐकलेलं, १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून नियम असा की नाकेबंदी नुसती कागदावर जाहीर करून चालत नाही, खरंच अडवण्याइतकी जहाजं तिथे हवीत. समुद्रात बैलगाडी आडवी लावता येत नाही 😄

केळी_सावदा
हा नियम आपल्याकडे लावा. पाच माणसं, एक बॅनर, आणि पेपरात "तालुक्यात चक्का जाम".

बंदोबस्त_निवृत्त
चाळीस अंशात हेल्मेट, काठी, ढाल घेऊन मी उभा राहिलोय, म्हणून लिहितो. निम्मे आंदोलक ओळखीचे असतात. आदल्या दिवशी नोटीस देऊन यायची, तिथे चहा घ्यावाच लागतो. दुसऱ्या दिवशी तेच लोक रस्त्यावर. तासाभराने तहसीलदार येतात, निवेदन घेतात, फोटो निघतो, रस्ता मोकळा. नाही उठले तर व्हॅनमध्ये बसवून ग्राउंडवर न्यायचे, संध्याकाळी सोडायचे. मधल्या वेळात त्यांच्या वड्यापावाची सोय कोणी करायची यावर आमचे वाद. अँब्युलन्स अडवलेली मी तरी पाहिली नाही, दुरून सायरन ऐकला की घोषणा देणारेच उठून बाजूला होतात. त्रास असतो तो दूधवाल्याचा, भाजीच्या टेम्पोचा. त्याला सायरन नाही.
धुळ्याला सगळ्यात कठीण. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर तिथेच एकमेकांना छेदतात. एक जागा अडली की चार दिशा अडतात.

शिरपूर_फाटा
डिसेंबर २०२० ला नाशिकहून शेतकऱ्यांच्या गाड्या दिल्लीला निघाल्या, त्या इकडूनच गेल्या. आम्ही पाण्याच्या बाटल्या दिल्या. पुढे राजस्थान-हरियाणा सीमेवर शहाजहांपूरला त्यांनाच अडवलं. गंमत म्हणजे रस्ता पोलिसांनी बॅरिकेड लावून बंद करायचा आणि नाव शेतकऱ्याचं. दोघांचंही असेल म्हणा.

अक्राणी
सरकारने अडवलेलंच लिहिते मग. १९९० च्या डिसेंबरात नर्मदेच्या खोऱ्यातले लोक सरदार सरोवराकडे पायी निघाले होते, आमच्याकडचेही होते (तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, धुळेच). गुजरातच्या हद्दीवर फेरकुव्याला पोलिसांनी वाट बंद केली. पुढे जाणारे स्वतःचे हात बांधून घेऊन जायचे, म्हणजे हात उचलला असं कोणी म्हणू नये. थंडीत उघड्यावर महिनाभर. मेधाताई उपोषणाला बसल्या होत्या. काका गेलेले, त्यांना तिथलं काय आठवतं विचारलं तर राजकारण काही सांगत नाहीत. पलीकडे धरणाच्या बाजूने सभा घेणाऱ्यांच्या लाऊडस्पीकरवर दिवसभर गाणी लागायची, त्याची चीड अजून आहे. एक गाणं लग्नात वाजलं की उठून जातात. कोणतं ते सांगत नाही, तुम्ही पण वाजवाल.

मुलांची_आई
@अक्राणी ताई काकांना विचारून सविस्तर लिहा ना, वेगळा धागा काढा.

अक्राणी
बघते. त्यांना ऐकू कमी येतं आता, निवांत बसावं लागेल. सध्या महू फुलांचा हंगाम आहे, घरी कोणी सापडत नाही.

पारोळेकर
@बंदोबस्त_निवृत्त दादा, ते निवेदन घेतात त्याचं पुढे काय होतं? बाबांच्या ट्रंकेत असल्या पिवळ्या प्रतींची चळत आहे.

बंदोबस्त_निवृत्त
आवक रजिस्टरला नोंद होते, वर पाठवतात. बाबांच्या प्रतींवर गोल शिक्का असेल तर फेकू नका, त्यावर तारीख असते. एखादी इथे टाका, त्या वर्षी कापसाला काय भाव मागितला होता ते तरी कळेल.

शेवभाजी_फॅन
टाकाच. आणि मावशी म्हणते बालाजी मंदिराकडची गल्ली