अनुभव धागा: २६ मे १९९९ च्या रात्री जागे होतात का?

वहीतलं_पान:
काल माळा आवरताना जुनी वही हाती लागली. एका पानावर 'गांगुली १८३, द्रविड १४५'. पान उलटलं तर 'बासलर, ६ वं मिनिट'. पुढे कोरं.

टॉन्टनला लंकेला धुतलं त्याच रात्री सव्वाबाराला फुटबॉलची चॅम्पियन्स लीग फायनल होती, बार्सिलोनात, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. त्या बासलरने बायर्नला पुढे नेलेलं. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. युनायटेडचे कीन आणि स्कोल्स दोघंही निलंबित. बायर्नच्या शॉलचा चेंडू खांबाला लागून परत आला, यांकरची ओव्हरहेड किक आडव्या दांडीवर. म्हटलं, आज काही खरं नाही. ८९ व्या मिनिटाला टीव्ही बंद करून झोपलो. सकाळी दूध आणायला गेलो तर मित्र म्हणाला, "शेरिंगहॅम! सोल्शायर! पाहिलंस ना?" म्हणजे शेवटी या दोघांच्या गोलांनी युनायटेड जिंकलं होतं. मी "हो" म्हणालो. तेव्हापासून तेच खोटं रेटतोय.

तुम्हीही लिहा. कुठलाही सामना चालेल, फक्त युनायटेडचा हवा.

रातकिडा:
😂😂 मी पाहिला. गोलकीपर श्मायकेलचा युनायटेडकडून शेवटचा सामना, गडी कॉर्नरला थेट पुढे धावत आलेला. शेरिंगहॅमने मारला तसा ओरडलो, आजी दचकून उठली, "चोर आला का रे?" तिला समजावेपर्यंत सोल्शायरने दुसरा घातला. तो रीप्लेतच पाहिला. म्हणजे अर्धा मीही खोटारडा.

आमटी_भात:
गांगुलीचे सात सिक्स तेवढे आठवतात. मॅच संपली की झोपलो. फुटबॉलला कोण जागतंय!

पेठेतला:
वहीतलं_पान, वाईट वाटून घेऊ नका. यूएफाचे (युरोपच्या फुटबॉल संघटनेचे) तेव्हाचे अध्यक्ष योहान्सन कप द्यायला लिफ्टने खाली निघाले तेव्हा बायर्न पुढे होतं. मैदानावर येऊन बघतात तर जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत!

तोफखाना:
आम्हा आर्सेनलवाल्यांच्या जखमेवर मीठ चोळायला धागा काढलाय का? त्याच वर्षी १४ एप्रिल, विला पार्क, इंग्लंडच्या एफए कपमध्ये युनायटेडशी सेमीचा रीप्ले. १-१. कीनला रेड कार्ड. इंज्युरी टाइममध्ये आम्हाला पेनल्टी, आणि श्मायकेलने आमच्या बर्गकांपची अडवली. मग एक्स्ट्रा टाइममध्ये आमच्याच व्हिएराने चेंडू युनायटेडच्या गिग्जच्या पायात दिला. पुढचं लिहवत नाही.

रातकिडा:
@तोफखाना मी लिहितो. सगळ्यांना चकवून गोल, मग शर्ट काढून गरगर, आणि छातीवरचं ते जंगल 🙏

मँचेस्टरची_सून:
मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण युनायटेडच्या मैदानाजवळ, ओल्ड ट्रॅफर्डजवळ राहतो म्हणून लिहिते. ६ फेब्रुवारीला तिथे म्युनिकच्या घड्याळाखाली माणसं जमतात. १९५८ च्या म्युनिकमधल्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यात युनायटेडचे आठ खेळाडू. एकदा शेजारच्या आजोबांबरोबर गेले होते. डंकन एडवर्ड्सचं नाव घेतलं आणि गप्पच झाले. २१ वर्षांचा पोरगा, पंधरा दिवस दवाखान्यात झुंजला. आजोबा टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत उभे होते, थंडीत कान लाल झालेले. परतताना म्हणाले, तुमची ती २६ मे म्हणजे तेव्हाचे युनायटेडचे मॅनेजर मॅट बझबी यांचा वाढदिवस. असते तर १९९९ च्या त्या दिवशी नव्वद पूर्ण झाले असते.

वहीतलं_पान:
हे माहीतच नव्हतं. वहीत लिहून ठेवतो, त्याच पानावर.

आमटी_भात:
@मँचेस्टरची_सून ताई, तिकडे ताजा कढीपत्ता मिळतो का? भाचा येतोय सप्टेंबरात.

मँचेस्टरची_सून:
मिळतो की, विल्म्स्लो रोडला. फक्त कुंडीत लावायच्या भानगडीत पडू नका म्हणावं, माझी दोन रोपं थंडीने गेली.