मदत हवी आहे: लाहोरच्या लग्नाला आहेर काय पाठवू?

दुबईत आमच्या शेजारच्या बाजी (उर्दूत ताई) लेकीच्या लग्नासाठी लाहोरला निघाल्यात. मेहंदी, बारात, वलीमा (नवऱ्याकडची मेजवानी)! तिकडच्या पंजाबात कायद्याने हॉल रात्री १० ला बंद आणि जेवणात एकच मुख्य पदार्थ, त्यामुळे सगळा जीव कपड्यांत आणि देण्याघेण्यात. पाकिटातली सलामी, म्हणजे आहेराचे पैसे, तिथेही वहीत नावानिशी लिहितात, पुढे ती फेडायची असते. रमजानात आमच्याकडे आठवणीने इफ्तारीची ताटली पाठवणारी ही बाई, तिच्या लेकीला मनापासून काहीतरी द्यायचंय. लाहोरला साडीपेक्षा सलवार-कमीजच जास्त, म्हणून पैठणीचा दुपट्टा मनात आहे. मेहंदीसाठी पिवळा घेऊ की वलीम्यासाठी फिकट? त्यावर मोर चालतील ना? सोबत पाकीट दिलं तर त्यांना परतफेडीचं ओझं वाटेल का? पाकिस्तानी कुटुंबांशी घरोबा असलेल्यांनी प्लीज सांगा, बाजी शुक्रवारी निघतायत.