आयपीएसोबत लौंग शेव: जोडी जमते का?

मल्हारगंजकर:
आपल्या इंदुरात बिअर म्हटलं की ती गारठवून आणायची आणि शेजारी लौंग शेवेची बशी ठेवायची. साध्या लागरला, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरला, हे चालतं, पण इंडिया पेल एल (आयपीए) या कडवट बिअरचं त्यात वाटोळं होतं. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, खरी मजा वासात आहे. फार गार ग्लासातून तो वास उठत नाही, नुसता कडूपणा उरतो. बाटली फ्रिजमधून काढून थोडी थांबू द्या, ८ ते १० अंशांपर्यंत येऊ द्या. तोंडाशी निमुळता ग्लास अर्धाच भरा. आधी वास घ्या: कॅस्केड हॉप्स असतील तर पपनस, सिट्रा असतील तर आंबा, लिची. मग छोटा घोट. कडवटपणा गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी चढतो, पुढच्या घोटाची घाई करू नका. आणि शेव लांबच ठेवा. लवंग-मिरचीपुढे हे वास टिकत नाहीत, शिवाय कडू आणि तिखट एकमेकांना भडकवतात.

जेलरोडवाला:
साफ अमान्य. तळणाचा तेलकटपणा जिभेवरून उतरवायला या कडूपणासारखं दुसरं काही नाही. ताटात कारल्याची भाजी वाढली तर ती काय नुसती हुंगायची असते? गरम कचोरीचा घास घ्या, वर आयपीएचा घोट घ्या, मग बोला.

तुकोगंजची ताई:
दोघंही हॉप्सवरच अडलात, माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, काय? १९ व्या शतकात इंग्लंडमधल्या बर्टनची पेल एल गाजली त्यात तिथल्या जिप्समच्या पाण्याचा मोठा वाटा होता. जिप्सममधल्या सल्फेटमुळे कडूपणा स्वच्छ, कोरडा लागतो. आता कितीतरी जण हॉप्स ओततात आणि त्याला तोलणारा माल्ट विसरतात. अशी बिअर हळू प्यायली काय, शेवेसोबत प्यायली काय, मला ती अपुरीच वाटते. आणि आयपीए म्हणजे भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम शोधलेली बिअर, ही नेहमीची गोष्ट जरा जपून सांगा. लंडनचा हॉजसन १८ व्या शतकाच्या अखेरीस इकडे बिअर पाठवायचा हे खरं, पण पोर्टर ही काळी बिअरही त्याच जहाजांतून येऊन नीट टिकायची.

मल्हारगंजकर:
ताई, माल्टचं पटलं. जेलरोडवाले दादा, कचोरी मान्य, पण वर जिरावन मसाला न भुरभुरता. त्याहून सरस सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस, मिरची कमी सांगून. मक्याच्या गोडव्यावर हॉप्स खुलतात.

जेलरोडवाला:
मिरची कमी केलेला कीस मी खाणार नाही. मात्र एक सगळ्यांनीच पाळा: बाटलीवरची तारीख बघा. हॉप्सचा वास काही महिन्यांत विरतो. दुकानाच्या काचेत उजेडात ठेवलेली हिरवी बाटली तर नकोच, प्रकाशाने हॉप्सला उग्र घाण वास सुटतो. तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या.