नकाशावर आमचा राउटर भर रस्त्यात का दिसतो?

प्रश्नकर्ता: 'विगल' या वाय-फाय नकाशावर मी सहज आमच्या राउटरचा बीएसएसआयडी (त्याच्या वाय-फायचा ओळखक्रमांक) शोधला, तर त्याची खूण घरापासून साधारण २५ मीटरवर, भर रस्त्यात पडलेली दिसली. घरात मात्र दोन खोल्या ओलांडल्या की व्हिडिओ अडखळतो. इतका दुबळा सिग्नल रस्त्यावर कोणाला मिळाला, आणि खूण एवढी चुकली कशी?

तारायंत्र: सिग्नल ऐकू येणे वेगळे आणि त्यावर इंटरनेट नीट चालणे वेगळे. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या नावाची हाळी देतो, तिला बीकन म्हणतात, आणि ती कमी वेगाने पाठवली जात असल्यामुळे बरीच क्षीण झाली तरी ओळखता येते. सिग्नलचा जोर डीबीएममध्ये मोजतात; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस, आणि दोन आकड्यांतला फरक डेसिबलमध्ये सांगतात. व्हिडिओसाठी उणे ६७ डीबीएमच्या आसपास सिग्नल असावा असे मानतात, तर बीकन कधी कधी उणे ९० लाही सापडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात. त्या हिशेबाने हा २३ डेसिबलचा फरक म्हणजे जवळजवळ चौदापट अंतर झाले. राउटर खिडकीशी असेल तर साध्या काचेतून लहरी सहज बाहेर पडतात आणि आतल्या दोन भिंतींत मात्र अडतात, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या.

वाटसरू: खुणेबद्दल थोडे. अशी माहिती बहुधा गाडीतून किंवा पायी फिरणाऱ्यांच्या फोनमधून जमा होते, आणि नोंद होते ती ऐकणाऱ्याच्या जीपीएस स्थानाची. अशा अनेक स्थानांची, जिथे सिग्नल जोरकस तिथे अधिक वजन देऊन, सरासरी काढली जाते. सगळे ऐकणारे घराच्या एकाच बाजूने गेले असतील, तर ती सरासरी रस्त्याकडेच झुकणार. जीपीएसची काही मीटरची चूक त्यात आणखी मिसळते. (घर बदलल्यावर राउटर सोबत नेला, तर नवी नोंद होईपर्यंत तो नकाशावर जुन्याच पत्त्यावर नांदतो, हे मी स्वतः पाहिले आहे.) गूगलच्या स्थानसेवेतून वगळायचे असेल, तर नेटवर्कच्या नावाच्या शेवटी अधोरेखा आणि 'नोमॅप' ही अक्षरे रोमन लिपीत जोडण्याची सोय २०११ पासून आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फोन घेऊन बाहेर मोजून पाहिले: खिडकीसमोर रस्त्यावर उणे ७१, आणि तेवढ्याच अंतरावर घराच्या मागे उणे ८८. राउटर खिडकीतच ठेवलेला आहे.